ज्वारीतली बाल्कनी

आमच्या घरमालकाच्या हातात कागद द्यायचा न्हाई, हे गल्लीत लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं. दिला की ते फाडायचे. रागानं न्हाई. मधोमध घडी, घडीवर नख, आन् टर्रकन. अर्धा कागद तुमच्या हातात परत, अर्धा त्यांच्या खिशात. मी नवा भाडेकरू होतो तेव्हा लाइटीचं बिल समजून घ्यायला त्यांच्याकडं नेलं, तर अर्धंच घेऊन आलो. लग्नाच्या पत्रिकेचं बी तसंच. एकदा नवरी त्यांच्या खिशात गेली आन् नवरदेव पाहुण्याच्या हातात राहिला. पाहुणा म्हणला, "मालक, पत्रिका व्हती हो ती!"

"मंग? जा की आत. कोन अडवून राहिलं तुमाला?"

त्यांचा दोष नव्हता. हिंगोलीतल्या एका टॉकीजच्या दारावर त्यांनी सगळी उमर काढली. तिकीट फाडायचं, अर्धं पब्लिकला, अर्धं डब्यात, आन् पडदा उचलून माणूस आत सोडायचा. टॉकीज बंद पडली, तिथं आता मंगल कार्यालय झालं. पण ते बोटांना कोन सांगणार?

मी जास्ती शिकलो न्हाई. चौथीतच शाळा सुटली. लिहायला बसलो की हात अवघडतो. पण आमची घरची जाऊन साल होत आलं, आन् तिची आठवण काढायला बसलो की दर बारीला मालकच मधी येऊन उभे राहतेत, दारात. मंग म्हणलं, आधी त्यांचंच लिहून काढावं. ते बाजूला सरकले तर ती दिसंल.

दारात म्हणलो ते खरंच. त्यांच्या खोलीत आमी इतकी वर्सं राहिलो, पण मालक उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचे न्हाईत. चहा उभ्यानं प्यायचे, चौकटीला खांदा लावून. मी म्हणायचो, "आत या की मालक, तुमचंच घर हाय."

"आत गेलो तं दार कोन सांभाळील?"

लग्नात गेले तर मांडवाच्या तोंडाशी उभे. "चला, चला, म्होरं सरका, मधी उभं राहू नका." पोरीकडच्यांना वाटायचं हा पोराचा चुलता असंल, पोराकडच्यांना वाटायचं पोरीचा मामा असंल. दोन्हीकडून टॉवेल-टोपी मिळायची. मी एकदा इचारलं, ह्या टोप्यांचं काय करता? म्हणले, "पब्लिकनं दिली. परत कशी करावी?"

मला नावानं कधी हाक मारली न्हाई. किरायादार. भर बाजारात, मयतीत, दवाखान्यात, कुठं बी. "किरायादार, काहून तोंड पाडून राहिले?" माझ्या घरचीला मात्र वैनी. ती त्यांना दादा म्हणायची.

आता मोठी गंमत ही की जन्मभर टॉकीजच्या दारावर राहून त्या माणसानं एक पिच्चर पुरता पाहिला नव्हता. पडद्याच्या अलीकडं उभं राहून ऐकायचे. पिच्चरचा आवाज कमी आन् पब्लिकचा जास्ती. शिट्टी कधी पडली, खुर्च्या कधी करकरल्या, बाया नाक कधी ओढून राहिल्या, त्यावरून आख्खी कहाणी सांगायचे. आन् लई वेळा चुकायचे. एका पिच्चरची कहाणी त्यांनी कळमनुरीपर्यंत सांगितली की शेवटाला माय मरते, समदं टॉकीज रडतं. मंग कुणीतरी पाहून आलेला म्हणला, अहो मालक, माय मरत न्हाई, हरवलेली माय सापडते, म्हणून रडतेत लोक.

मालक म्हणले, "रडणं बराबर ऐकलं का न्हाई मी? मंग झालं तं."

तिकीट काढून काही पाहायचं म्हणलं की त्यांना शिवी दिल्यासारखं व्हायचं. दसऱ्याच्या प्रदर्शनात मौत का कुआं आला तरी ते फळ्यांच्या बाहेरून कान लावून उभे. म्हणायचे, "बघनाऱ्याला खेळ दिसतो, किरायादार. ऐकनाऱ्याला माणसं दिसतेत." मला हे काही पटायचं न्हाई. मी म्हणायचो, सरळ सांगा, तिकीट काढायची सवय न्हाई तुमाला. ते हसायचे.

आता घरचीकडं येतो.

मी साखऱ्याकडचा. कोरडवाहू रान. माझे गुडघे गेले, पोरी आपापल्या घरी गेल्या, तेव्हा रान धाकट्या भावाच्या हवाली केलं आन् मी हिंगोलीला हळदीच्या मार्केटात राखणदार म्हणून लागलो. मालकांच्या माडीखालची खोली घेतली.

घरचीचा गळा सगळ्या शिवारात ठाऊक होता. ज्वारी दाण्यात आली की पाखरं उतरतेत. मंग रानात लाकडं रोवून उंच माळा करायचा, त्यावर उभं राहून दिवसभर पाखरं उठवायची, गोफणीनं आन् गळ्यानं. त्या वरडण्याला आमी हाकारा म्हणतो. हिचा हाकारा असा की तीन शेतं पलीकडची पाखरं उठायची. शेजारी माळाच घालायचे न्हाईत. म्हणायचे, "काहून घालावं? वैनी हायेत की." तिला पाहायला मी तिच्या गावाला गेलो तेव्हा ती रानात होती. मी तिला आधी ऐकलं, मंग पाहिलं. पाहायच्या आधीच मी मनात हो म्हणून बसलो होतो, हे तिला मी कधी सांगितलं न्हाई. सांगायला पाहिजे होतं असं बी न्हाई. तिला ठाऊक असंल.

हिंगोलीत आलो, पहिल्याच हप्त्यात मी डबा विसरून निघालो. तिनं दारातून हाक मारली, रानातली. चौकातली सायकल थांबली. रिक्षावाल्यानं मान काढली. समोरच्या घरातली बाई बाहेर आली, हसत हसतच म्हणली, "अहो आजी, हे काय रान आहे का? आमचा मुलगा परीक्षेचा अभ्यास करतोय."

वाईट बोलली न्हाई ती. पण घरचीनं पदर तोंडाशी नेला, तो तिथंच राहिला.

तेव्हापासून तिचं बोलणं कुजबुजीवर आलं. मंग कुजबूज बी कमी झाली. मी ड्युटीवरून यायचो तर भिंतीला टेकून बसलेली. "काही दुखतं का?" "न्हाई." "भाकर खाल्ली का?" "खाल्ली." ताटलीत अर्धी तशीच असायची. डॉक्टरला दाखवलं. त्यानं ताकदीची बाटली दिली. बाटली संपली, ताकद काही आली न्हाई. मी भ्यालो होतो. माणूस आजारानं जातं ते दिसतं. हे नुसतं भिंतीत मुरून चाललं होतं.

एक दिवस मालक उंबऱ्यावर येऊन उभे. आत तिच्याकडं पाहिलं, मंग मला म्हणले, "किरायादार, वैनीचा आवाज कुठं ठेवला?"

म्हणलं, "तब्येत बराबर न्हाई तिची."

"तब्येत बराबर हाय. पिच्चर चालू हाय आन् आवाज बंद हाय. असं लई येळ ठिवू नये, पब्लिक खुर्च्या मोडतं." मंग तिला ऐकू जाईल असं मोठ्यानं, "रविवारी नागपूरला इंडियाची मॅच हाय. भाचा हळद घेऊन चाललाय पिकअपमधी. सांजंला वापस. तिघं जाऊ."

"तिकिटं?" मी म्हणलो.

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी खाली पाहिलं. "मी तिकीट काढू? मी?"

घरची हळूच म्हणली, "मला काय कळतं दादा त्यातलं?"

"मला तरी कुठं कळतं? चला."

"बरं," ती म्हणली. मला वाटलं होतं नको म्हणंल, भांडंल, म्हणंल घरात काय कमी कामं हायेत. तिनं नुसतं बरं म्हणलं. त्या दिवसांत ती सगळ्यालाच बरं म्हणायची.

थंडी सरत आली होती. मॅच दिवसाची होती. आमी पहाटं निघालो. घरची पुढं भाच्याजवळ, मी आन् मालक मागं हळदीच्या पोत्यांवर. वाशिम, यवतमाळ, वर्धा. पोती झिरपत होती आन् वारं सगळी हळद आमच्या अंगावर आणत होतं. मालक वाटंतल्या दर गावाला हात करायचे, जसं काही त्यांनाच पाहायला लोक उभे हायेत.

नागपूरच्या अलीकडंच, रोडला लागून, रानाच्या मधी ते स्टेडियम. भाच्यानं आमाला उतरवलं, सांजंला ह्याच कडूनिंबाखाली उभे राहा म्हणला, आन् शहरात गेला. आन् माणसं! मी माळेगावची जत्रा पाहिली हाय, पण ही माणसं वेगळीच. तोंडं रंगवलेली, झेंडे, पिपाण्या. घरचीनं माझी बाही धरली होती. गर्दीत ती कधी बाही धरायची न्हाई, लग्न झालं तेव्हापासून न्हाई.

मालक सरळ गेटावर गेले. तिथल्या शिपायानं त्यांना खालून वर पाहिलं. डोक्यापासून पायापर्यंत पिवळे.

"काय काका, हळद लावून आले का? नवरी कुठं हाय?"

"नवरीचं सोडा," मालक म्हणले. "मानसं अशी सोडत न्हाईत. दोन रांगा करा. एक हात तिकिटाला, एक हात पडद्याला."

"तिकीट दाखवा."

"मला? मी जन्मभर फाडली तिकिटं, भाऊ."

"मग आज एक दाखवा," शिपाई म्हणला, आन् काठी आडवी केली. मागून लोक वरडायला लागले. कुणीतरी म्हणलं, बुढ्याला बाजूला घ्या. मालक हटले, पण जाता जाता एका पोराच्या हातातलं तिकीट घेऊन बराबर मधोमध फाडून त्याच्या हातात देऊन आले. तो पोरगा अजून वरडत असंल.

मी तापलो. म्हणलं, "झाली का मॅच? आता त्या कडूनिंबाखाली बसायचं का दिसभर?"

"टॉकीजचा आवाज दारात न्हाई येत चांगला," मालक म्हणले. "मागच्या भिंतीला येतो. चला."

मंग आमी स्टेडियमच्या मागच्या अंगानं, धुऱ्याधुऱ्यानं, म्हंजे बांधाबांधानं, निघालो. पुढं मालक, मधी मी, मागं घरची, हातात भाकरीची पिशवी. मला गुडघ्याची तकलीफ, त्यात राग. रानं लागली. तूर काढलेली, हरभरा, आन् मधीच एक तुकडा ज्वारीचा, घरच्यापुरता. कणसं पांढरी, दाण्यानं भरलेली. मधी माळा होता आन् माळ्यावर कोणी न्हाई. वावराचा मालक, एक म्हातारा वऱ्हाडी, एका कोपऱ्यात डबडं वाजवत पळत होता. तो ह्या कोपऱ्यात वाजवायचा तर पाखरं उठून त्या कोपऱ्यात बसायची. तो तिकडं गेला की इकडं.

आमाला पाहून म्हणला, "पाहा नं बाप्पा! एक मजूर नाई भेटला. सारे गेले मॅचीत पानी विकाले. अन् हे पाखरं, ह्यायले का मॅच नाई का काई नाई!"

मी हसलो. मागं पाहिलं तर घरची थांबली होती. पिशवी खाली ठेवलेली. एक थवा येऊन कणसावर बसला, कणीस वाकलं. ती ते कणीस पाहत होती. मी तिचा गळा पाहिला. शीर उभी राहिली होती.

"हाऽऽ हुर्रऽऽ! हाऽऽ हुर्रऽऽ!"

सगळं रान उठलं. ज्वारीतलं, हरभऱ्यातलं, पलीकडच्या बाभळीवरचं. आभाळात काळी चादर झटकल्यासारखी पाखरं. म्हाताऱ्याच्या हातून डबडं पडलं.

"अवं माय!" तो म्हणला. "कोठून आनली ही?"

"साखऱ्याहून," मी म्हणलो.

म्हातारा हात जोडून म्हणला, "माय, बस वो माळ्यावर. दुपारची भाकर माही, पानी माहं. फकस्त दिवस काढून दे."

घरची माझ्याकडं न पाहता, कोणाला न इचारता, पदर खोचून माळ्याच्या शिडीकडं निघाली. शिडीशी आधीच मालक जाऊन उभे राहिलेले. त्यांनी ज्वारीचं एक पान तोडलं, मधोमध घडी घातली, नख मारलं, टर्रकन. अर्धं तिच्या हातात.

"बाल्कनी," म्हणले. "जिन्यानं वर. उभं राहू नका मधी."

आन् ती हसली. किती दिवसांनी. वर गेली, तिथं पडलेली गोफण हातात घेतली, आन् वरून म्हणली, "दादा, तुमी?"

"मी दारावर."

"आनखी कोन येनार हाय इथं? या वर. स्टेडियम दिसून राहिलं."

मालक शिडीला हात लावून उभे. मी पाहत होतो. ह्या माणसानं उमरभर कुठंच आत पाऊल टाकलं नव्हतं. ते माझ्याकडं वळले, म्हणले, "किरायादार, जरा दार पाहता का?"

"पाहतो," मी म्हणलो. माझे गुडघे शिडीचे नव्हतेच. मी खाली बसलो, पाठ खांबाला लावून, आन् मालक वर गेले.

लोक इचारतील, मॅच दिसली का? न्हाई. वरून म्हणे स्टेडियमची वरची कड दिसायची, झेंडे, दिव्यांचे खांब आन् सगळ्यात मागच्या रांगेतल्या माणसांच्या पाठी, मुंग्यांएवढ्या. खेळ काही दिसत नव्हता. पण स्टेडियम गरजलं की खालची जमीन हलायची, आन् त्या आवाजानं रानातली सगळी पाखरं एकदम उठायची. स्टेडियम गप्प झालं की हळूहळू बसायची. घरचीनंच पहिल्यांदा पकडलं ते. वरून म्हणली, "दादा, आपलं चांगलं चाललं की पाखरं उठून राहिलीत. आपले औट झाले की बसून राहिलीत."

"बराबर!" मालक वरडले. "वैनी, तुमी तं दारावर पाहिजे व्हत्या."

मंग त्यांची मॅच सुरू झाली. ही टाळी चौक्याची. हे हूऽऽ म्हंजे झेल सुटला. ह्या निसत्या शिट्ट्या म्हंजे पाणी प्यायची सुट्टी. एकदा असा आवाज उठला की म्हातारा बी कमरेवर हात देऊन उभा राहिला. मालक माळ्यावर नाचायला लागले. "शंभर! शंभर झाले कुनाचे तरी!" म्हाताऱ्याच्या खिशात मोबाइल होता, त्यानं कुणाला तरी फोन लावला, ऐकलं, आन् वर पाहून म्हणला, "नाई बाप्पा. कुत्रं घुसलं मैदानात. पोलीस मांगं धावून राह्यलेत."

"आवाज तं शंभराचाच व्हता," मालक म्हणले. "कुत्रं मोठं असंल."

घरची इतकी हसली की गोफण हातातून सुटली.

दुपारी म्हाताऱ्यानं भाकर आन् वांग्याची भाजी आणली. आमची शेंगदाण्याची चटणी त्याला दिली. घरचीनं दोन भाकरी खाल्ल्या. मी मोजत न्हाई कुणाच्या भाकरी, पण त्या मोजल्या.

दिवस कलला तसं स्टेडियम गप्प पडलं. लई येळ गप्प. एक बारीक हाय आली, मंग आणखी एक. म्हातारा फोन कानाला लावून मान हलवत होता. पाखरं बसायला लागली. आधी कडंची, मंग मधली, मंग सगळी, जशी काही कुणी मूठ मूठ टाकून राहिलंय.

घरची उभी राहिली. आन् तिच्या मनात काय आलं कोण जाणे, तिनं पाखरांच्या बसण्यातच मॅच धरली. म्हणली, "बसली म्हंजे हरनार. बसू देत न्हाई मी त्यायला." आन् सुरू झाली. हाऽऽ हुर्रऽऽ. एका धुऱ्यापासून दुसऱ्या धुऱ्यापर्यंत, फिरून फिरून, गोफण गरगर. एक पाखरू टेकू दिलं न्हाई. खालून मला ती दिसत होती, पाठीमागं नुसतं आभाळ, पदर सुटलेला, केस सुटलेले. वयानं वाकलेली बाई सरळ झाली होती. मी तिला पाहायला गेलो होतो त्या रानात, ती तीच होती. मी खालून पाहत होतो आन् मला कुणी पाहत नव्हतं, ते बरं झालं.

मंग स्टेडियमकडून आवाज आला. मंग मोठा. मंग मोठा. तिचा हाकारा आन् तो आवाज मिसळला, कुठला कोणता कळंना. आन् शेवटाला जो गजर उठला तो थांबलाच न्हाई, फटाके फुटले, चार रानांतली पाखरं एकदम आभाळात. म्हातारा वरडला, "जितली! जितली वो माय!"

मालक माळ्यावर दोन्ही हात जोडून तिच्यापुढं उभे. "वैनीनं जिंकवली."

ती दमली होती. घसा बसला होता. पाखरं परत फिरून आली, धुऱ्याकडच्या ओळीवर उतरायला लागली. म्हाताऱ्यानं डबडं उचललं. ती वरून म्हणली, घोगऱ्या आवाजात, "बसू द्या दादा आता. दिस मावळायला आला. कडंची ओळ त्यायची. त्यायचा बी वाटा हाय."

आमच्याकडं तसंच असतं. दिवस मावळताना हाकारा थांबवायचा, कडंची ओळ पाखरांना सोडायची. म्हाताऱ्यानं डबडं खाली ठेवलं.

ज्वारीच्या पानाचं ते अर्धं तिकीट तिनं जपून ठेवलं असंल असं कुणाला वाटंल. न्हाई. खाली उतरताना म्हाताऱ्याच्या शेळीनं खाल्लं. मालक म्हणले, "गेटपास झाला."

येताना ती पुढं बसलीच न्हाई. मागं आमच्यासोबत, रिकाम्या पोत्यांवर. घसा पार बसलेला आन् बोलणं थांबंना. काय काय बोलली, पोरींचं, बैलांचं, तिच्या बापाचं. वाटंत चहाच्या हॉटेलात टीव्हीवर तीच मॅच परत दाखवत होते. मालक सगळ्यांना सांगत सुटले, ह्या बाईनं जिंकवली. लोक हसले. पण चहा पहिला तिलाच दिला. तिनं एकदाच टीव्हीकडं पाहिलं आन् म्हणली, "ह्याच्यात पाखरं कुठं दिसतेत?"

मालकांनी तिला मुद्दाम नेलं का, मी कधी इचारलं न्हाई. त्यांनी सांगितलं असतं तरी मला पटलं नसतं.

गल्लीत ती गोष्ट मालकांनी दारोदार, उंबऱ्याच्या बाहेरूनच, सांगितली. आधी लोकांनी थट्टा केली. मंग एका मॅचीत आपल्या विकेटी पडायला लागल्या, तर ती समोरची परीक्षावाली बाईच आमच्या दारात. "आजी, चांगले चांगले आऊट झालेत हो. जरा गच्चीवर जाता का?"

घरची माझ्याकडं पाहून म्हणली, "आवं, जाऊ का?" आन् माझं उत्तर यायच्या आधी जिन्यावर.

गच्चीवरून हाकारा दिला की मार्केटच्या पत्र्यावरची सगळी कबुतरं उठायची. मालक गल्लीच्या तोंडाशी उभे राहून आल्या-गेल्याला सांगायचे, "सरका, सरका, शो चालू हाय." जिंकलो की गल्ली तिच्या पाया पडायची. हरलो की ती म्हणायची, "उशिरा सांगितलं तुमी. आधी सांगायचं व्हतं." अशी लई वर्सं गेली. हाक मारायची तर ती आता भर गल्लीत मारायची, डब्यासाठी, दुधासाठी, आन् कधी कधी नुसतीच.

मालक एका पावसाळ्यात गेले. दुपारी उंबऱ्यावर बसले, चहा मागितला, चहा येईस्तोवर गेले. सगळे रडत होते. घरची रडली न्हाई. म्हणली, "जन्मभर दारात उभा राहिला मानूस. वरून कुणीतरी या म्हणलं असंल, त्याबिगर कुठं जानार व्हते दादा?"

आन् मागच्या साली ती. त्याचं मी लिहीत न्हाई. मालक मधून सरकले की ती दिसंल म्हणलो होतो. दिसली. तेवढं पुरे.

मालकांच्या पोरानं खोली माझ्याकडंच ठेवली हाय. मी टीव्ही घेतला न्हाई. गल्लीत मॅच असली की घराघरांतून आवाज येतो, मी दारात खुर्ची टाकून बसतो. मला बी आता कळतं. चौका कोणता, झेल सुटला कोणता. कुत्रं घुसलं तर ते बी कळंल.

परवा मॅच होती. दुपारपर्यंत गल्ली गरजत होती. मंग हाय, मंग हाय, मंग सगळं गप्प. पत्र्यावर कबुतरं येऊन बसायला लागली. समोरची बाई बाहेर आली, तिचा तो पोरगा आता नोकरीला हाय. तिनं सवयीनं आमच्या गच्चीकडं पाहिलं. मंग माझ्याकडं. मंग पटकन खाली.

"राहू द्या बाबा," ती म्हणली. "मी आपली सहजच."

मी उठलो. गुडघे धरत जिना चढलो. त्या गच्चीवर मी तिच्यानंतर गेलो नव्हतो. पत्रा पांढरा पडला होता कबुतरांनी. मी तोंड उघडलं. श्वास घेतला, ती घ्यायची तसा, पोटातून. तेव्हा मला कळलं, इतकी वर्सं ऐकला, पण हाकारा माझ्या गळ्यात कधी नव्हताच.

दिवस कलला होता. कडंच्या पत्र्यावर आणखी एक थवा उतरला. खालून ती बाई म्हणली, "काय झालं बाबा?"

"काही न्हाई," मी म्हणलो. "बसू द्या आता."